तिसरा महिना पुरा होईपर्यंत

पहिल्या खेपेला त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. हॅनोव्हरमधल्या मोजक्या मराठी घरांत बातमी एका संध्याकाळीत फिरली, लतिकावहिनींनी दुधाच्या पावडरीचे पेढे केले आणि पुढच्याच आठवड्यात सगळं संपलं. तेव्हा श्रीपाद म्हणाला होता, "दृष्टबिष्ट मी मानत नाही. पण पुढच्या वेळी तिसरा महिना पुरा होईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही."

सुधाला ते पटलं होतं. ती स्फटिकांचे क्ष-किरण फोटो काढत असे, श्रीपाद यंत्रशास्त्रात डॉक्टरेट करत होता. न सांगितल्याने गर्भ टिकत नाही हे दोघांनाही कळत होतं. तरी १९६२च्या शरद ऋतूत पुन्हा दिवस राहिले तेव्हा तिने संस्थेत पाठ दुखते म्हणून सांगितलं आणि क्ष-किरणांच्या खोलीत जायचं बंद केलं. ओकाऱ्या मात्र लपेनात. जिन्यात कोळशाच्या धुराचा वास आला तरी ती तोंडाला रुमाल लावी. लतिकावहिनींनी एका नजरेत ओळखलं असतं. म्हणून डिसेंबर लागताच श्रीपादने तिला आल्प्समधल्या एका लहानशा गावी आणलं. तिथे त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं.

स्टेशनवर त्यांच्या खानावळीची मालकीण फ्राऊ राइंडल, तिचा भाऊ सेप्प घसरगाडी घेऊन आला होता. तिशीतला, जंगलात लाकूड तोडणारा माणूस. त्याने बॅगा गाडीवर बांधल्या आणि सुधाच्या पुढे चालत बुटांनी बर्फ दाबत राहिला. "माझ्या पावलांवर पाऊल ठेवा," तो म्हणाला. "तुमच्याकडे हे पीक येत नाही ना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी फ्राऊ राइंडल खानावळीच्या खोलीतल्या कपाटातल्या चिनी मातीच्या वस्तू उचलून आत ठेवत होती.

"आज अंधार पडला की ते येतात," तिने सांगितलं. "अंगाला पेंढा, कमरेला घंटा, शिंगांचे मुखवटे. संत निकोलाउसबरोबरचे राक्षस. टेबल ओढतात, माणसांना फोकांनी मारतात, उचलून बर्फात टाकतात. म्हातारे, आजारी आणि गरोदर बायका, एवढ्यांनी वर जायचं. बाकी कोणाला माफी नाही. आणि मुखवट्याला हात लावायचा नाही. चेहरा उघडा पडला की खेळ संपतो आणि भांडण सुरू होतं." तिने सुधाकडे पाहिलं. "तुम्ही फिकट दिसता. बरं आहे ना?"

"हो, हो, उत्तम आहे," श्रीपाद म्हणाला.

खोलीत आल्यावर सुधा म्हणाली, "अहो, मी वरच थांबते. आजारी आहे म्हणा."

"आजारी म्हटलं की ती डॉक्टरला बोलावेल, आणि डॉक्टर आला की झालंच. शिमगा आहे गं त्यांचा. आपल्याकडे राखेने कोणी मेलंय का कधी? थोडा वेळ कोपऱ्यात बस, मग डोकं दुखतंय म्हणून ऊठ."

ती कोपऱ्यात बसली. भिंतीला जोडलेला बाक, पुढे ओकचं जाड टेबल. डावीकडे श्रीपाद, उजवीकडे गावातली दोन जोडपी. उठायचं तर सगळ्यांना उठवावं लागणार होतं. ती तसं म्हणणार तेवढ्यात बाहेर घंटा वाजल्या. दुधाच्या बादल्यांएवढ्या घंटा होत्या त्या. दार धाडकन भिंतीवर आपटलं.

आत आलेल्यांची उंची पेंढ्याने आणि शिंगांनी दुप्पट झाली होती. बर्चचे फोक मांड्यांवर, पोटऱ्यांवर, बोटांवर बसू लागले. बायका किंचाळत हसत होत्या. एका पुरुषाच्या कानातून रक्त आलं आणि तोही हसत होता. मग त्यांनी टेबल धरलं. बाकावरच्या सगळ्यांनी ते आपल्याकडे ओढून धरलं. तसाच रिवाज होता. समोरच्यांनी ओढायचं एकदम सोडलं आणि जोर लावून ढकललं.

टेबलाची कड सुधाच्या पोटात बसली. तिचा श्वास थांबला. तिने दोन्ही तळहात कडेखाली घातले. कड पुन्हा आली आणि बोटांवर चेपली. "अहो!" एवढंच तिला म्हणता आलं. टेबल बाजूला गेलं, एक केसाळ हात तिच्या कमरेभोवती पडला आणि तिचे पाय जमिनीवरून सुटले.

श्रीपादने बिअरचा दगडी पेला त्या मुखवट्यावर फोडला. पकड सुटली, सुधा गुडघ्यांवर पडली. त्याने शिंगं धरून मुखवटा उपटला. आत सेप्प होता, घामाने भिजलेला, कपाळ फुटलेला.

हसणं बंद झालं.

"मुखवटा काढला!" कोणीतरी ओरडलं, आणि सगळे श्रीपादवर पडले. आता फोकाच्या उलट्या बाजूने, मुठीने, बुटाने मारत होते. त्याचं डोकं शेगडीच्या फरशीवर आपटल्याचा आवाज सुधाने ऐकला. सेप्प त्याच्या छातीवर बसून तोंडावर मारत होता. श्रीपादचा ओठ फाटला, एक दात फरशीवर पडला. ते त्याला मारून टाकतील, हे तिला स्पष्ट दिसलं.

ती बाकावर चढली आणि जर्मनमध्ये ओरडली, "मी गरोदर आहे! माझ्या पोटात मूल आहे! थांबा!"

घंटा एकेक करून थांबल्या. कोणीतरी स्वतःहून मुखवटा काढला, मग दुसऱ्याने. आत दुकानदार होता, पोस्टमन होता. "येसूस मारिया," फ्राऊ राइंडल म्हणाली. सेप्प श्रीपादच्या छातीवरून उठला, मागे सरला. त्याने सुधाकडे पाहिलं आणि दोन्ही हात उघडे वर केले. "आम्हाला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "कोणी सांगितलं नाही."

श्रीपाद उठला. शेगडीची लोखंडी सळई त्याच्या हाताशीच होती. त्याने ती दोन्ही हातांनी धरली, एक पाय मागे टेकवला आणि सेप्पच्या चेहऱ्यावर मारली.

आवाज फार मोठा झाला नाही. सेप्प खाली बसला, त्याने डाव्या डोळ्यावर हात धरला आणि बोटांमधून जे आलं ते नुसतं रक्त नव्हतं. श्रीपादने पुन्हा सळई उगारली, तेव्हा पोस्टमनने ती हिसकावली.

डॉक्टर आला. त्याने सेप्पला मोठ्या गावच्या इस्पितळात धाडलं आणि मग वर येऊन सुधाला तपासलं. रक्तस्राव नव्हता. "आत्ता तरी ठीक आहे," तो म्हणाला. "कुशीवर पडून राहा. उठू नका."

तो गेल्यावर श्रीपाद दारात आला. ओठावर टॉवेल धरला होता.

"कशाला सांगितलंस? दोनच आठवडे राहिले होते."

"तुम्हाला मारून टाकलं असतं त्यांनी."

"आणि तुला उचलून नेत होते तेव्हा मी बघत बसायचं होतं?"

"पेला मारलात ते बरोबर केलंत. मीही मारला असता."

"मग?"

"मी सांगितल्यावर ते थांबले होते. त्याने हात वर केले होते."

"रागात माणसाला दिसत नाही, सुधा."

"तुम्हाला दिसलं. तुम्ही पाय टेकवलात."

तो पलंगाजवळ आला आणि तिच्या पोटावर ठेवायला त्याने हात पुढे केला. सळईची काजळी अजून तळव्याला होती. सुधा भिंतीकडे सरकली, तिने गुडघे पोटाशी घेतले. हे तिने ठरवून केलं नव्हतं. श्रीपादचा हात तसाच राहिला.

जिन्यावर बूट वाजले. पोलीस टोपी काढून आत आला, मागे फ्राऊ राइंडल.

"आधी हात त्यांनी टाकला," श्रीपाद घाईने म्हणाला. "हिला विचारा. सांग ना त्यांना."

पोलिसाने सुधालाच विचारलं, "बाई, शेवटचा फटका बसला तेव्हा हे लोक तुमच्या नवऱ्याला मारत होते का?"

"सुधा," श्रीपाद मराठीत म्हणाला, "हे आपलं मूल आहे. त्याला बाप लागेल."

ती गुडघे तसेच जवळ धरून पडली होती.

"नाही," ती पोलिसाला म्हणाली. "तेव्हा सगळे थांबले होते."