भागाबाईनं राजाला अडवलं

प्रज्ञा जळगावच्या एका कॉलेजात शिकवते, पिंप्राळ्यात राहते. अडीच हजार वर्षांपूर्वीचं एक ग्रीक नाटक तिनं मराठीत आणलं आणि हौशी मंडळी जमवून बसवलं. लढाईत मेलेल्या तरुणाला राजा द्रोही ठरवतो, त्याला कुणी माती द्यायची नाही असं फर्मान काढतो, आणि त्याची बहीण ते मोडते. स्पर्धेत कौतुक झालं. पण एका परीक्षकानं विचारलं, "हे आपल्या लोकांचं कसं?" प्रज्ञानं तो प्रश्न मंडळींपुढे ठेवला.

राजाचं काम करणारा प्रेमराज बँकेत नोकरीला. तो म्हणाला, "मॅडम, आमच्या गावी करू या. लोकांनाच ठरवू द्या."

त्याचं गाव धुळ्याजवळ, पांझरेच्या काठी. सगळे संवाद त्यानंच अहिराणीत केले. ऊन कलल्यावर शाळेच्या ओट्यावर प्रयोग सुरू झाला. समोर सतरंज्यांवर बाया, मागे मोटारसायकलींना टेकलेले पुरुष. सुरुवातीला बराच गलका होता. बहिणीचं काम करणाऱ्या सपनाला हात बांधून राजापुढे आणलं, तेव्हा गलका थांबला.

प्रेमराजनं शिक्षा सुनावली आणि पुढच्याच रांगेतली एक म्हातारी उठून उभी राहिली.

"राजा शेस ना तू? मंग मरेल मानूससंगे काय वैर करस रे? माटी देऊ दे त्या पोरीले!"

ती भागाबाई. प्रेमराजला तिनं लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेलं. तो पुढचं वाक्यच विसरला. त्यानं प्रज्ञाकडे पाहिलं. पडद्याआडून तिनं हातानंच खूण केली, बोल, तिच्याशीच बोल.

"राजाना शब्द शे, मावशी," तो कसाबसा म्हणाला.

"शब्द गया खड्डामा!"

लोक हसले. पण हसू विरलं तशा आणखी दोघीतिघी बोलू लागल्या. प्रेमराज एकेकीला उत्तर देत राहिला. त्याचा आवाज खरोखरच चढला, खरोखरच एकटा पडला. नाटक तिथून पुन्हा रुळावर आलं आणि शेवटी राजाचं घर उद्ध्वस्त झालं, तेव्हा भागाबाईच पदरानं डोळे पुसत होती. त्याच्यासाठी.

जेवायला तिनं सगळ्यांना आपल्याच घरी नेलं. कळण्याची भाकरी, शेवभाजी. वाढता वाढता तिनं प्रज्ञाला विचारलं, "हाई कोनता गावनी गोट शे?"

"लांबची गोष्ट आहे, आजी. समुद्रापलीकडच्या ग्रीस देशातली. फार जुनी."

भागाबाईला त्याचं नवल वाटलं नाही. ती आपल्या भावाबद्दल बोलू लागली. तो वडिलांशी भांडून सुरतला गेला होता, तिकडेच वारला. वडिलांनी निक्षून सांगितलं, त्याच्या मातीला कुणीही जायचं नाही. ती तान्ह्या लेकराला घेऊन एसटीत बसली. परतल्यावर वडील दोन वर्षं तिच्याशी बोलले नाहीत.

"मग?" सपनानं विचारलं.

"मंग बोलनात," भागाबाई म्हणाली, "बापच शे तो. आनखी भाजी ले."

परतीच्या गाडीत सगळे एकदम बोलत होते. मुक्ताईनगरला पुढचा प्रयोग करायचा, दरबाराच्या प्रवेशात प्रेक्षकांना मुद्दाम बोलू द्यायचं, असं ठरलं. प्रेमराजनं तिथल्या बोलीत संवाद लिहून देणारं कुणी शोधायचं कबूल केलं. खिडकीशी बसलेल्या प्रज्ञाला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.