थोरलीचं नाव

टण्.

लाकडी पट्टी पत्र्याच्या वाडग्यात पडली आणि इस्पितळातली दुपारची शांतता मोडली. लांताना भिंतीकडे तोंड करून बसली होती. मनातल्या मनात ती मोजत होती आणि जेमतेम अकरापर्यंत पोचली होती. पट्टी साठ होईपर्यंत दातांत राहायला हवी होती.

"झाले साठ," तिची सासू इन्ना खाटेवरच्या नातीला म्हणाली. "शाब्बास माझी वाघीण! हा घे साखरेचा खडा."

लांतानाने मागे वळून बघितलं नाही. सासूने साठ म्हटलं की सुनेने साठच ऐकायचे. आणि खाटेवर होती ती थोरली, पहिलं पोर. पहिल्या पोराकडे आईने चारचौघांत बघायचं नसतं, त्याला जवळ घ्यायचं नसतं, नाव तर घ्यायचंच नसतं. लाज असते ती. लांतानाच्या आईने पाळली, आजीने पाळली. सहा वर्षं लांताना लेकीला "ए पोरी" म्हणत आली होती, तेही दुसरीकडे बघत. पोर वाढली इन्नाच्या अंगावर. पाठीला बांधलेला साले दुसरा, म्हणून त्याला ती दिवसातून शंभरदा नावाने हाक मारी. खाटेवरची पोर ते ऐकत असे.

दीड वर्षापूर्वी गोवर येऊन गेल्यावर पोरीच्या हिरडीला फोड आला होता. तोंडाला वास मारत होता. आईने हनुवटी धरून एकदा आत बघितलं असतं तर? लांतानाने वास आला तशी मान फिरवली होती, लाजेने. आठ दिवसांत गाल सडून गळून पडला, मग जबडा असा मिटला की चमच्याचा दांडासुद्धा आत जाईना. इथल्या डॉक्टरांनी मांडीची कातडी लावून गाल केला, जबडा सोडवला. तो पुन्हा मिटू नये म्हणून रोज दातांत लाकडी पट्ट्या धरायच्या होत्या; ऑपरेशन झालं त्या दिवशी चौदा मावल्या होत्या.

तोंडाचे व्यायाम शिकवणारी साराटू आत आली. सगळे तिला मालमा म्हणत, शिकवणारी म्हणून. तिने पट्ट्या एकीवर एक रचून पोरीच्या दातांत सरकवल्या, सहावी अडली.

"सोमवारी नऊ होत्या. आज पाच." तिने वाडग्याकडे बघितलं, मग साखरेने चिकट झालेल्या पोरीच्या बोटांकडे. "इन्ना, साठ मोजताय ना?"

"म्हणजे काय! चाळीस वर्षं बाजारात बाजरी मोजलीय मी."

"असं माप घातलं असतंत तर लोकांनी टोपली उलथी केली असती तुमची."

इन्नाचा चेहरा पडला. "रडते हो ती. या हातांनी वाढवलंय, या हातांनी कसं दुखवू?"

"दुखणारच आहे, इन्ना. दुखताना सोबत कोण, एवढंच आपल्या हातात." मालमा जमिनीवरच बसली. "पोरीचं डोकं भीतीने भरलं की त्यात आकडा टिकत नाही, सांगितलेलं टिकत नाही. म्हणून आधी आपण थंड व्हायचं. मग तिला नावाने हाक मारायची, डोळ्यांत बघायचं, तिला काय होतंय ते आपण बोलून दाखवायचं. मग किती पट्ट्या ते तिचं तिने ठरवायचं. थांबायचं असेल तर चावायचं नाही, हात वर करायचा. हात वर झाला की आपण थांबायचं. एकदासुद्धा फसवायचं नाही."

"आणि नाही जमलं तर?" लांतानाने भिंतीला विचारलं.

"उद्या सकाळी मोठे डॉक्टर बघणार. जबडा पुन्हा मिटला तर दुसऱ्यांदा सोडवायला आत काही उरलेलं नाही, असं ते म्हणालेत."

इन्नाने पट्टी उचलली. पोर तिच्या बोटाला कडकडून चावली, वाडगा लाथेने उडवून खाटेखाली शिरली आणि तिथून गुरगुरू लागली. इन्ना रक्त आलेलं बोट तोंडात धरून मटकन खाली बसली. "माझ्याच्याने नाही होत. नाही होत मालमा."

 मालमा लांतानाच्या पाठीकडे बघत राहिली. पाठीवर साले झोपला होता.

लांतानाने ओढणी कपाळावर आणखी पुढे ओढली. "ए पोरी," ती म्हणाली. "ये बाहेर."

गुरगुरणं वाढलं.

"ए... तू..."

"खाटेखाली चार पोरी आहेत का?" मालमाने विचारलं. "कुणाला बोलावतेस?"

बाहेर फाटकापाशी कुणीतरी चवळीची भजी तळत होतं. पोर गेले दीड वर्ष पेजेवर होती. मागच्याच आठवड्यात, चौदा पट्ट्यांच्या आनंदात, तिने भज्याचा एक तुकडा चावला होता, आणि दिवसभर सगळ्यांना तोंड उघडून दाखवत फिरली होती. लांतानालाही दाखवलं होतं. लांताना तेव्हा हंडा घासत राहिली होती.

तिने सालेला सोडून इन्नाच्या मांडीवर ठेवलं. गुडघ्यांवर आली, मग कोपरांवर. गाल फरशीला टेकला तेव्हा खाटेखालच्या अंधारात दोन डोळे दिसले. ते हुबेहूब तिच्या स्वतःच्या डोळ्यांसारखे होते. इतक्या जवळून तिने ते कधी बघितले नव्हते.

"हिंदातू."

मागे इन्नाने "हाय!" केलं आणि चेहऱ्यावर पदर घेतला, सून उघडी पडल्यासारखा.

गुरगुरणं थांबलं.

"हिंदातू," लांताना पुन्हा म्हणाली. शब्द घशात खरखरला, न वापरलेल्या भांड्यासारखा. "तुला भीती वाटतेय. रागपण आलाय. दुखतं आणि कुणी तुझं ऐकत नाही. हो ना? मलापण भीती वाटते. हे बघ, माझे हात."

हात खरंच कापत होते. हिंदातूने ते बराच वेळ बघितले. मग रांगत बाहेर आली, पसरलेल्या पट्ट्या एकेक करून गोळा केल्या आणि पाच वेगळ्या काढल्या. थोडा विचार करून सहावी जवळ ठेवली, बाजूला.

दोघींनी मिळून मोजायला सुरुवात केली, एक तोंडाने, एक डोळ्यांनी. एकतीसवर हात वर झाला. लांतानाने तिथल्या तिथे पट्ट्या काढल्या. मुलगी चकित होऊन तिच्याकडे बघत राहिली, मग तिने स्वतःच तोंड उघडलं. डोळ्यांतून पाणी, ओठांतून लाळ, लाळेत रक्ताची रेघ. साठ. मग सहावी. लांतानाने मान फिरवली नाही. साठ.

"सहा," मालमा म्हणाली. "सहा म्हणजे काही फार नाही. पण उद्या दाखवायला काहीतरी आहे." ती उठली. "आणि घरी गेल्यावर सहा महिने, दिवसातून चारदा, हे असंच. हीच हाक, हेच डोळे. एक दिवस चुकला तर मागचं सगळं गेलं."

ती गेली. लांतानाला घरचं अंगण दिसलं. तीन जावा, दोन चुलतसासवा, उखळाशी बसलेल्या शेजारणी, ओट्यावर सासरे. आणि सगळ्यांच्या मध्ये पाणी भरायला उभी असलेली ती.

इन्नाने चेहऱ्यावरचा पदर अजून काढला नव्हता.

हिंदातूने ओढणीचं टोक ओढलं. नव्या गालामुळे शब्द अजून जड येत.

"घरी गेल्यावरपण मला हिंदातू म्हणशील?"