पोळाचा मालक

"मालक कोण याचा?" डॉक्टरांनी विचारलं आणि सगळं कडाव गाव आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागलं.

ज्याची चौकशी चालली होती तो पोळ मारुतीच्या देवळापुढे रवंथ करत बसला होता. गौराबाईचा नवरा हिरामण वारला, तेव्हा तिनं घरचा गोऱ्हा त्याच्या नावानं सोडला. मांडीवर त्रिशूळाचा डाग दिला, गळ्यातलं दावं काढलं. तेव्हापासून तो देवाचा. गावातल्या निम्म्या वासरांचा बाप. त्याबद्दल कुणी त्याला मूठभर कोंडा घातला नव्हता. पण देवाच्या पोळावर काठी उगारायची नाही, एवढा बिनखर्चाचा धर्म सगळे पाळत.

बुळकांडी, गुरांची जीवघेणी साथ, पळसदरीपर्यंत आली होती. कर्जतहून आलेले हे गुरांचे डॉक्टर सांगत होते, की रोग बकरीच्या अंगात वाढवून त्याचा जोर मोडलाय, त्याची ही नवी लस. थोडा ताप येईल, मग बुळकांडी वाटेला जाणार नाही. पण मागल्या गावात एका बैलाला ताप चढला, तर लोक काठ्या घेऊन त्यांच्यावर धावले होते. म्हणून आता मालकानं स्वतः दोर धरल्याशिवाय ते सुई काढत नसत.

"देवाचा हाय तो. देव राखील," आबाजी पाटील म्हणाले. स्वतःची बैलजोडी त्यांनी सगळ्यांच्या आधी टोचून घेतली होती.

"मग बाकीची गुरं वाचतील आणि हा मरेल," डॉक्टर पेटी मिटत म्हणाले.

गौराबाई उठली, घरातून दोर घेऊन आली. तिचा दीर नामा आडवा आला.

"वयनी, सोडलेल्याला दावं लावलं की पुण्य माघारी घेतलं. दादा तिकडं अडकून पडंल."

"तुझा दादा वासरू आजारी पडलं तरी जेवत नसं. ह्यो मेल्यावर खूश होईल काय रं?"

"भटजी श्राद्धाला यायचे नाय!"

"नाय तर नाय. रांधून मी त्यांची वाट बघत नाय बसायची."

तिनं दोर पोळाच्या गळ्यात टाकला. "टोचा, डाक्तर. माझा हाय."

पोळाला ताप आला. तो मान टाकून पडला, तेव्हा बघायला सगळं गाव येऊन गेलं. पेज पाजायला गौराबाई एकटी होती. मग ताप उतरला. बुळकांडी आली, कडावच्या दावणी रिकाम्या न करता निघून गेली. गावानं मारुतीला नारळ फोडला.

गौराबाईच्या वाट्याला तक्रारी आल्या. इतकी वर्षं देवानं खाल्लेलं कुणाला दिसलं नव्हतं. गौराबाईच्या पोळानं खाल्लेलं पानन् पान दिसू लागलं.

"तुज्या पोळानं माझा वाल खाल्ला गं!" चंद्राबाई दारात उभी.

"तुजी गाय गाभण हाय ना? ती पण माझ्याच पोळाची. वासरू कवा आणून देतेस?"

चंद्राबाईला घरी चुलीवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं.

पाटलांनी तोड काढली. "पुन्हा देवाला सोडलाय म्हण. भटजींना मी समजावतो."

"आणि पुन्हा साथ आली की दोर कोण धरील, पाटील?"

पाटील पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले.

भादव्यात पितृपक्ष आला. भटजी खरोखरच आले नाहीत. गौराबाईनं अंगणात हिरामणचं पान वाढलं. भात, वडे, वालाचं बिरडं. कावळा कौलावर बसून राहिला. तेवढ्यात गळ्यातला दोर फरफटवत पोळ आला आणि त्यानं पानात तोंड घातलं.

"वयनी, हाका त्याला!" कुंपणापलीकडून नामा ओरडला. "कावळा शिवायचा हाय अजून!"

"जेवू दे रं," गौराबाई म्हणाली. "बिरडं आवडायचं त्यांना."

दोराचं टोक भातात लोळत होतं. तिनं ते उचललं, पदरानं पुसलं, आणि त्याचं खाऊन होईस्तोवर हातात धरून उभी राहिली.