जाळ्याला ऊन

"भावाच्या डोळ्यांदेखत जाळं वाळत घालू? काय वाटेल त्याला?" हे दबक्या आवाजात म्हणाले. "तुझ्या तळ्यात रोग आहे, असं तोंडावर सांगितल्यासारखंच की."

"मग सांगा ना! आहेच रोग. उगाच का त्यांनी एवढ्या घाईने मासे काढून विकले?"

पलीकडे बांधावर भावजी उभे होते. शेजारचं तळं त्यांचं. मासे काढायला आमचं जाळं मागून नेलं होतं, ते परत करायला आले होते. "वहिनी, कालच वाळवलंय हो," ते म्हणाले. मी घडीत हात घातला, तर आत ओल. पण यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी गप्प बसले. गप्प बसायचा माझा स्वभाव नाही, आणि मेली नेमकी त्याच दिवशी बसले.

बाहेरून आलेल्या जाळ्याला कडक ऊन दाखवल्याशिवाय ते पाण्यात घालायचं नाही, हा यांचाच नियम. पूर्वी रोग आला की हे अँटिबायोटिकची पाकिटं खाद्यात मिसळायचे. आधी गुण यायचा, मग थोडाफार यायचा, शेवटी औषध टाका नाहीतर माती टाका, सारखंच. मग मासळीच्या डॉक्टरीणबाईंनी लसणाची वाट दाखवली. तेव्हापासून रोज सकाळी मी लसूण ठेचायची, हे तो तेलात कालवून खाद्याला चोळायचे आणि सावलीत सुकवायचे. माझ्या हातांचा वास जाता जायचा नाही. "तुझ्या वाऱ्याला रोग उभा राहणार नाही बघ," म्हणून हे हसायचे. बऱ्याच वर्षांनी हसत होते हो.

तळं भाड्याचं. हाही हंगाम बुडाला तर तळं दुसऱ्याला देईन, असं मालकाने बजावलं होतं. पण यंदा मासे असे टणटणीत होते की बिनऔषधाची मासळी घेणारा एक व्यापारी स्वतःहून नमुना बघायला येणार होता. त्या नमुन्यासाठी हे त्याच ओल्या जाळ्यानिशी पाण्यात उतरले. भावजींनी दुसरं टोक धरलं.

व्यापारी खूश होऊन गेला. थोड्याच दिवसांत मासे काठाला येऊन सुस्त पडू लागले. अंगावर लाल चट्टे. मी लसूण दुप्पट केला, बोटांची सालं निघाली. खाद्य पाण्यावर तसंच तरंगत राहिलं.

डॉक्टरीणबाई काठावर उकिडव्या बसल्या. "ताई, लसूण राखणीला असतो. पडलेल्याला उठवायचं बळ त्यात नाही. आणि आजारी मासा तोंडच लावत नाही, तर खाद्यातून काहीही दिलं तरी पोटात जाणार कसं?"

संध्याकाळी भावजी पाकीट घेऊन आले. "दादा, हे टाक. काहीतरी कर रे."

"ते टाकलंत तर उरलेले मासेही व्यापारी घेणार नाही," मी म्हटलं.

"उरले तर ना," हे म्हणाले, आणि त्यांनी पाकीट फोडलं.

काही उरलं नाही.

मेलेले मासे काढायच्या दिवशी मी ठरवलंच होतं, आज भावजींना सोडायचं नाही. चांगलं फैलावर घ्यायचं. पण ते आले ते न बोलावता, खाली मान घालून, आणि सरळ छातीभर पाण्यात शिरले. मी काठावर मासे घ्यायला पुढे झाले. दोघा भावांनी दुपारपर्यंत जाळं ओढलं. मासे खड्ड्यात पुरले, वर चुना टाकला. मालकाचा माणूस तळं ताब्यात घ्यायला उद्या येणार होता.

मी लसणाची टोपली रिकामी करत होते. यांनी जाळं धुतलं, खांद्यावर टाकून बांधावर नेलं आणि पसरायला लागले. एकेक घडी सोडवून, कडेला दगड ठेवून, अगदी निगुतीने.

"अहो, आता कशाला?" मी विचारलं. "कुठल्या पाण्यात घालायचंय?"

"ओलं ठेवू नये," हे म्हणाले.

भावजी वाकले, दुसरं टोक उचललं आणि सावलीतून ओढत उन्हात नेलं.