तिकडची कडी

पावणे गावातल्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये सिनेमावाल्यांनी मातीचं घर उभं केलं होतं. सिनेमा जुन्या काळचा. यादवी संपते आणि पळून गेलेलं एक कुटुंब जळलेल्या घरी परतून पुन्हा संसार मांडतं. आता नवंकोरं घर बांधायचं आणि मग आठ दिवस खपून ते जळकं करायचं, हे नसते उद्योग सिनेमावाल्यांनीच करावेत! भिंतींना काजळी फासली, चूल फोडली, राख पसरली.

शेडमध्ये झाडलोट करणाऱ्या वेणूबाईला सेटचं काम बघणाऱ्या स्नेहलने सकाळी बजावलं, "मावशी, फक्त ओसरी सारवा. आतलं काही हलवू नका हं."

वेणूबाईने ओसरी सारवली. दार उघडं होतं. तिने आत डोकावलं. चुलीच्या डावीकडे कोनाडा, अगदी तिच्या गावच्या घरासारखा. नामांतराच्या दंगलीत मराठवाड्यातलं ते घर जळालं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मायने तिचा हात धरून पळ काढला, दार तसंच उघडं राहिलं. पुढे कळंबोलीच्या खोलीत जन्म गेला, तरी माय झोपेत विचारायची, "वेणे, कडी लावली का गं?" लावली म्हटलं की म्हणायची, "ही नव्हं, तिकडची." गेल्या वर्षी हेच विचारत ती गेली.

वेणूबाई आत कधी गेली, तिचं तिलाच कळलं नाही. पत्र्याच्या फटीतून ऊन झिरपत होतं. कुणीतरी फुंकणीने चूल फुंकत होतं, भाकरीचा वास येत होता. तिने राख भरली, चूल लिंपली आणि मागे सरत सरत उंबऱ्यापर्यंत सारवत आली.

"मावशी! काय केलंत हे?" स्नेहल किंचाळलीच. "चारला शॉट आहे!"

वेणूबाई भानावर आली. हात शेणामातीने भरलेले. "चुकलं बाई. पन वाळू दे तेवढं. मग मीच मोडते."

स्नेहलने घड्याळ पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "दोनपर्यंत," ती म्हणाली.

दोनपर्यंत वेणूबाई उंबऱ्याशी बसली. आपल्या घरी बसावं तशी, निवांत. मग उठून तिने चूल फोडली. तेव्हा गावची चूल परक्यांनी फोडली होती, आज ही तिने, आणि तिला हुंदका आवरला नाही. मागे सरत सरत तिने राख पसरली, बाहेर आली, दार ओढलं आणि कडी लावली.

"अहो मावशी, दार उघडं हवंय!"

"उघडते की. एक डाव लागू दे."

मग कडीवर हात ठेवून ती हळूच म्हणाली, "लावली गं माय. तिकडची."