काळ्या पडद्याचा कौल

काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं सरसर उतरली आणि जळक्या बेकरीच्या आवारातली गर्दी श्वास रोखून पुढे सरकली. महाराजांच्या संगणकाला ना चित्र, ना रंग, ना माउस. चित्र म्हणजे माया, इथे फक्त सत्य उतरतं, असं ते सांगत. दोन अगम्य शब्द टाइप करत, डोळे मिटत, की पडदा बोलू लागे. शाळेत संगणक शिकवणाऱ्या बाई या थोतांडाला आजवर हसत आल्या होत्या.

आज पडदा म्हणाला, बेकरी वेल्डरने जाळली.

वेल्डर म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. तो तिथेच उभा होता. पहिला दांडा बेकरीवाल्याने घातला. मग ज्याला जे सापडलं ते घेऊन लोक तुटून पडले. बेकरीला आग लागली तेव्हा तिच्यावर बादल्या ओतलेला त्याचा उजवा हात कोपराखाली मोडला, हाड कडकन वाजलं. तोंडातून रक्त येत होतं. कोणीतरी रॉकेलचा डबा पुढे केला.

"ताई," एवढंच तो म्हणाला.

बाईंची नजर पडद्याच्या वरच्या ओळीवर गेली आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी मोबाइलवर काहीतरी लिहिलं.

"महाराज, पुन्हा कौल लावा. जाळायचाय तर खात्री करून जाळा."

महाराजांनी ऐटीत बटण दाबलं. नवी ओळ उतरली. बेकरीवाल्याने ती मोठ्याने वाचली, "बेकरी महाराजांनी जाळली."

दुसऱ्याच क्षणी महाराजांच्या तोंडावर दांडा बसला. दात पडला, कपडे फाटले, रॉकेलचा डबा त्यांच्याकडे वळला. खोटं कशाला सांगा, बाईंना क्षणभर बरं वाटलं. मग त्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"ते मी लिहिलंय. आत्ता, या मोबाइलवरून. वर पत्ता बघा. आपल्याच गावाचं गप्पांचं पान आहे, कोणीही नाव न देता खरडतं ते. हा साधा ब्राउझर आहे, त्या दोन शब्दांची कमांड देऊन उघडायचा. चित्रं गाळतो, अक्षरं ठेवतो. बाकी पान तुमच्या खिशातलंच."

लोकांनी मोबाइल काढले. तेच पान, तीच वाक्यं, बाजूला सोफ्याच्या जाहिराती.

"मग वेल्डरचं कोणी लिहिलं?" बाईंनी विचारलं.

बेकरीवाल्याच्या हातातला दांडा गळून पडला.

"काल मी लिहिलं होतं," तो म्हणाला. "बघितलं नव्हतं काही. नुसतं वाटलं होतं. आज पडद्यावर आलं, तर म्हटलं, खरंच असणार."

"तुम्हाला वाटलं, तेच तुम्हाला वाचून दाखवलं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज संतापाने फाटत होता. "हात उगारण्याआधी एवढंच विचारा, की हे लिहिलं कोणी आणि पाहिलं कोणी. तेवढं विचारायला फार शहाणपण लागत नाही."

बेकरीवाला वेल्डरला उचलायला खाली वाकला. वेल्डरने धड राहिलेला हात डोक्यावर धरला आणि डोळे गच्च मिटून घेतले.