सतरा बायांचा एक नंबर

वनमालाबाईंच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. वडवणीजवळच्या उपकेंद्रात तीस वर्षं त्या नर्स. सगळी बाळंतपणं रजिस्टरात मांडलेली. आता तेच कॉम्प्युटरात भरायचं. तांदळातला खडा हुडकावा तसं एकेका अक्षरासाठी बोट हिंडायचं, आणि संध्याकाळपर्यंत मान धरायची.

दुपारी तालुक्याहून नोंदी तपासणारा प्रवीण आला. कॉम्प्युटरचा पडदा बघून हसलाच.

"सिस्टर, सतरा गरोदर बाया, अन् समद्यांचा मोबाईल नंबर तुमचाच? कॉम्प्युटरला वाटतंय तुमीच सतरा खेपा गरोदर हाव!"

"मग काय करू, बाबा? समद्या ऊसतोडीला गेल्यात. नंबर विचारला की मुकादमाचा देत्यात. मुकादम बायांचा निरोप देतो व्हय?"

"ते मला न्हाई ठाऊक. पाचपर्यंत बदला, न्हाईतर नोंदी रद्द हुतील."

आधीच्या बाळंतपणाची माहिती कुठं भरायची, ते वनमालाबाईंना कधी सापडलंच नव्हतं. नंबराची जागा तेवढी पहिल्याच पानावर होती, म्हणून तिथं स्वतःचा टाकलेला. परक्या मुलखात कुणाला या बायांबद्दल काही विचारायचं असलं तर आपल्याला फोन करील, एवढाच आधार.

प्रवीणनं पहिलं नाव उघडलं, तोच वनमालाबाईंचा फोन वाजला. लांबच्या कारखान्याजवळच्या दवाखान्यातली नर्स होती.

"पौर्णिमा तुमच्याकडची का? उसाच्या फडात चक्कर येऊन पडली. सोबत सासू आहे, ती नुसती रडतेय. कॉम्प्युटरात नाव शोधलं तर हा नंबर निघाला."

"तिला तिथं ठेवू नका, बाई. रक्त सातच हाय. मागल्या खेपेला लई रक्त गेलतं. मोठ्या दवाखान्यात हलवा. रक्तगट 'बी पॉझिटिव्ह'. लिवून घ्या."

रजिस्टर उघडावं लागलं नाही.

प्रवीणनं पडद्याकडं बोट केलं, "हे यात कावून न्हाई भरलं?"

"कुठं भरायचं, ते दाव की. प्रशिक्षणात तुमी भराभरा दाबत गेलाव."

त्यानं खुर्ची ओढली. पाच वाजेस्तोवर तिघींचं मागचं सगळं भरून झालं. नंबर एकही बदलला नाही, नोंदी रद्द करायचं प्रवीणनं पुन्हा काढलं नाही. मधेच त्या नर्सचा फोन आला, मोठ्या दवाखान्यात पौर्णिमाला रक्त चढतंय.

त्यापाठोपाठ मोबाईलवर सरकारी मेसेज वाजला. वनमालाबाईंनी चष्मा वर सारून वाचला : 'ताई, तुमचा आठवा महिना सुरू झाला आहे. भरपूर विश्रांती घ्या.'

"चौथं नाव काढ," त्या म्हणाल्या आणि मान चोळू लागल्या.